ओल्या कचऱ्याची भट्टी पेटत नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘स्वीडन बाहेरून कचरा मागवून, तो जाळून वीज बनवतो. आपल्याकडेही भट्टी उभारा. ओला-सुका वेगळा करायला नको, डंपिंग नको, वीज जवळपास फुकट.’ स्वीडन कचरा आयात करतो, हे खरं आहे. पुढचे तिन्ही दावे चुकीचे आहेत.

वेगळा करायला नको, हा सगळ्यांत घातक दावा. आपल्या डब्यात निम्म्याच्या आसपास भाजीची देठं, साली, उरलेला भात, चहाचा चोथा असतो. पावसाळ्यात तर घंटागाडीतून पाणी गळत असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 600 किलोकॅलरी लागतात. टनभर कचऱ्यात 500 किलो पाणी धरलं, तर 3 लाख किलोकॅलरी नुसतं ते उडवण्यात जातात. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाची भट्टी बसवली, रोज 300 टन कचऱ्यातून पावणेचार मेगावॉट वीज मिळवण्यासाठी. पुरेशा उष्मांकाचा, म्हणजे जळताना पुरेशी उष्णता देणारा, कचराच मिळेना आणि ती थोड्याच दिवसांत बंद पडली. 2016 च्या घनकचरा नियमांत 1500 किलोकॅलरी प्रतिकिलो किंवा त्याहून जास्त उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचरा ऊर्जेसाठी वापरायला सांगितला होता, आणि वर्गीकरणाची जबाबदारी घराघरावर टाकली होती. म्हणजे भट्टी हवी असेल तर वर्गीकरण आणखी काटेकोर करावं लागेल.

ओल्या कचऱ्यातूनही ऊर्जा मिळते, पण न जाळता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्प त्यासाठीच आहे. गॅस मिळतो, खतही मिळतं. अट एकच, त्यात प्लास्टिक येता कामा नये.

आणि ज्या स्वीडनचा दाखला देतात, तिथे 2024 पासून अन्नाचा कचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक आहे. तिथल्या भट्ट्यांची बरीचशी ऊर्जा पाइपांतून घरं गरम करायला जाते. ठाण्यात ती उष्णता कोण विकत घेणार?

वीज फुकट तर नाहीच. केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2015-16 साठी कचऱ्यापासूनच्या विजेला युनिटमागे 7 रुपये 4 पैसे दर ठरवला होता. सौरऊर्जेच्या लिलावांत तीन रुपयांखालीही बोली लागली आहे. कचरा वाळवणं आणि धूर गाळणं, दोन्ही महाग असतं.

राहिलं डंपिंग. जाळल्यावर वजनाच्या जवळपास पाव भाग राख उरते. आपल्या कचऱ्यात माती आणि डेब्रिज मिसळलेलं असल्याने त्याहून जास्तच. धुराच्या गाळणीत अडकलेल्या बारीक राखेत जड धातू आणि डायॉक्सिन ही विषारी रसायनं असतात. ती उघड्यावर टाकता येत नाही, खाली अस्तर घातलेली, बंदिस्त जागा लागते. ठाण्याजवळच्या दिवा गावच्या लोकांनी वर्षानुवर्षं डंपिंगचा धूर आणि वास सोसला, मग कचऱ्याच्या गाड्या डायघर गावाच्या दिशेने वळल्या. म्हणून भट्टीची मागणी करणाऱ्यांनी ही राख कुठल्या गावाच्या हद्दीत जाणार, ते त्याच मेसेजमध्ये लिहावं.