पिळाचं काय?

"सेमी-ऑटोमॅटिक घेताना नुसतं .२२३ बघा, बाकी सगळं सारखंच" हे रायफल निवडण्यावरच्या लेखातलं वाक्य चुकीचं आहे (.२२३ हे काडतुसाच्या मापाचं नाव). आधी नळीचा पीळ बघायचा, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचा किती लांबीत एक फेरा पुरा करतात ते. १२ इंचांत एक फेरा असेल तर ४० ते ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी चालते. ७७ ग्रेनची घातली की ती डगमगत जाते आणि कागदावर आडवं भोक पडतं. उलट ७ इंची पिळात पातळ कवचाची उंदीर-कोल्ह्यांसाठीची गोळी कधीकधी वाटेतच फुटते. दोन्ही वापरायच्या तर ८ इंची बरी. दुसरं, .२२३ च्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, ५.५६ चं तसंच दिसणारं लष्करी काडतूस घालू नये. दाब वाढतो, कधीकधी प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) निखळून घोड्याच्या यंत्रणेत पडतो, आणि मग घोडा दाबलाच जात नाही.

आणि लेखातलं वर्णन परदेशातलं आहे, एवढं तरी लिहायचं होतं की हो. खानापूर भागात रानडुकरं भात लोळवतात म्हणून कुणी हे वाचून दुकान गाठेल. इथं साध्या परवान्यावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय डुक्कर मारणं हाही गुन्हाच.