ऐंशीवाले काका

आमच्या गाडीत एक कंडक्टर बसतो. दिसत नाही, पण काटा ८० च्या पुढे सरकला की ‘टिंग टिंग’ करतो. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या मोटारींना ही घंटी सक्तीची आहे. ८० ओलांडलं की दर मिनिटाला दोन टोल (ते दुसरे टोल वेगळे, ते घोटीला), आणि १२० ओलांडलं की अखंड नामसप्ताह. चालकाने दचकावं, भानावर यावं आणि पाय उचलावा, असा त्यामागचा विचार. विचार उत्तमच आहे. फक्त तो करणाऱ्यांचं बालपण लाल डब्यात गेलेलं नसावं. आमचं गेलंय. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे ‘जाऊ द्या!’ हे कानात इतकं मुरलंय की गाडी ‘टिंग टिंग’ म्हणाली की डोकं म्हणतं हळू, आणि उजवा पाय म्हणतो, डबल बेल मिळाली, चला.

मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो आणि मुंबईच्या रस्त्यावर गोंद्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. पाथर्डी फाटा, पांडवलेणी, विल्होळी, वाडीवऱ्हे, मग गोंदे. आमच्या दारापासून साधारण २२ किलोमीटर. गाडी बायकोच्या नावावर आहे, कारण कर्ज तिच्या पगारावर मिळालं. ती शिक्षिका आहे आणि बँकांना शिक्षक आवडतात. तेव्हा कागदावर नाव तिचं, मोबाईल नंबर तिचा, हप्ता तिचा. चालवतो मी आणि रविवारी धुतोही मीच. सोबत रोज दोघं असतात. पुढे स्टोअर्सवाले भाऊ, मूळचे जळगावकडचे. तीस वर्षं सिडकोत काढून ‘भो’ काही सुटलेला नाही. मागे क्वालिटीतला पोरगा. त्याला एसटीची घंटी माहीत नाही, पण बाजारातल्या प्रत्येक गाडीचा टॉर्क तोंडपाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात मी शपथ घेतली की ८० च्या वर जायचं नाही. शपथेला कारण घडलं.

विल्होळीपर्यंत रस्ता कोरडा असतो आणि इगतपुरी तालुक्याची हद्द लागली की आभाळ फाटतं, हे गोंद्याला नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. पावसात आपल्याकडे एक रीत आहे. चारही इंडिकेटर लावायचे आणि वेग तोच ठेवायचा. चारी दिवे लुकलुकत असले की गाडीभोवती कवच तयार होतं, शिवाय आपण कुठे वळणार हे गुपितही राहतं. मीही तसाच चाललो होतो, पंच्याण्णवने. वाडीवऱ्ह्याच्या जरा अलीकडे समोरून, माझ्याच लेनमधून, प्लास्टिकची खोळ पांघरलेली एक मोटरसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. मध्ये दुभाजक असलेला रस्ता हा, इथे समोरून फक्त पाऊस यायला हवा. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा आमच्या दोघांमध्ये एक म्हैस आडवी मावली असती एवढं अंतर उरलं होतं. दूधवाल्याने खोळ कपाळावर सारली, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, “काका, बघून चालवत जा जरा. एवढी काय घाई?”

राँग साईडने येणाऱ्या माणसाने मला रस्ता शिकवला. त्यातही वाईट हे की बरोबर शिकवला.

त्या रात्री मी वहीत ताळेबंद मांडला. २२ किलोमीटरला ८० ने साडेसोळा मिनिटं लागतात, १०० ने तेरा मिनिटं आणि काही सेकंद, १२० ने अकरा. म्हणजे पहिल्या वीसच्या वाढीत सव्वातीन मिनिटं पदरात पडतात आणि दुसऱ्या वीसमध्ये जेमतेम सव्वादोन. ही झाली जमा. आता खर्च. ८० वरून १२० वर गेलं की वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात ८० ची गाडी २२ मीटर जाते, १२० ची ३३. माझ्या टेबलावर असा व्यवहार कुणी आणला असता तर मी व्हाउचर परत पाठवलं असतं.

पण शपथ वहीत पाळायची नसते, हायवेवर पाळायची असते, आणि हायवेवर आपल्या मागे कुणीतरी असतं. आमच्या रस्त्यावर वेगाचे बोर्ड आहेत, ते गोल आहेत, लाल काठाचे आहेत, दिसायला छान आहेत. पण वेग ठरवतो तो मागचा. पहिल्याच दिवशी मागे एक पांढरी एसयूव्ही लागली. तिने भर उन्हात अप्पर-डिप्पर दिला. मग हॉर्न दिला. मग इतकी चिकटली की तिचा बंपर माझ्या डिकीत काहीतरी शोधतोय असं वाटायला लागलं. स्टोअर्सवाले म्हणाले, “काय भो, त्याच्या घरी कुणी आजारी असंल. जाऊ द्या त्याला.” मी डावीकडे झालो.

डावी लेन हे एक स्वतंत्र गाव आहे. तिथे टपरीपुढे उभा टेम्पो आहे, पुढच्या कटपर्यंत कशाला जायचं म्हणून उलट्या आलेल्या दुचाक्या आहेत, हंगामात द्राक्षांचे क्रेट भरलेले पिकअप आहेत आणि फोनवर बोलायला थांबलेला एक सद्गृहस्थ कायम आहे. तिथून बाहेर पडून उजवीकडे बघावं तर उजव्या लेनमध्ये कंटेनर, पंचेचाळीसने, आयुष्यात काहीच सिद्ध करायचं नसल्यासारखा. मग पळणाऱ्या गाड्या त्याला डावीकडून कापतात. हळू गाड्या उजवीकडे, वेगवान गाड्या डावीकडे, आणि मध्ये मी, पुस्तकात वाचलेले नियम घेऊन.

समोरच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवावं म्हणतात. ८० ला ते जवळजवळ ६६ मीटर होतं. नाशिकमध्ये ६६ मीटर जागा मोकळी दिसली की लोक तिला अंतर म्हणत नाहीत, प्लॉट म्हणतात. लगेच कुणीतरी येऊन बसतं. त्याच्यापासून मी पुन्हा ६६ मीटर मागे सरतो, की दुसरा हजर. असं अंतर राखत राखत गेलो तर एक दिवस मी उलटा इंदिरानगरला पोचेन.

आणि ती नजर! आपल्याकडे ओव्हरटेक करणारा माणूस नुसता पुढे जात नाही. बरोबरीला आला की क्षणभर वेग कमी करतो आणि खिडकीतून आत बघतो. हा कोण? ह्याला झालंय काय? टक्कल दिसलं की त्याचं समाधान होतं. तो शेजारच्याला सांगतो, ओठांवरून स्पष्ट वाचता येतं, “काका आहे.” बायको गाडी चालवत असली की तिला “बाई आहे” ऐकावं लागतं. ८० ने जाण्याची एवढी दोनच कारणं हायवेला मान्य आहेत.

तेव्हापासून कारखान्यात माझं नाव ऐंशीवाले काका पडलं. क्वालिटीतला पोरगा कायदाही काढून बसला. “काका, केंद्राने २०१८ मध्येच मर्यादा वाढवलीये. दुभाजकाच्या चौपदरी रस्त्याला १००, एक्स्प्रेसवेला १२०.” मी म्हटलं, “अरे, ती कमाल मर्यादा आहे, पास व्हायचे मार्क नाहीत. आणि त्याच्याखाली कितीवर थांबायचं ते रस्त्यावरचा बोर्ड सांगतो.” तो म्हणाला, “बोर्ड कोण वाचतं, काका? एवढ्या स्पीडला वाचताच येत नाही.” याला मला उत्तर सुचलं नाही.

त्या पांढऱ्या एसयूव्हीच्या एका बहिणीने मात्र मला समाधान दिलं. एका संध्याकाळी तिने मला विल्होळीला असा कट मारला की स्टोअर्सवाल्यांच्या मांडीवरचा डबा माझ्याकडे आला. पाथर्डी फाट्याला आम्ही पोचलो तेव्हा ती माझ्या शेजारीच, जराही पुढे नाही, तीच रिक्षा आम्हा दोघांपुढे आडवी. काच खाली आली. “काका, त्र्यंबकला कुठून जायचं?” त्याला घोटीलाच वळता आलं असतं. ते वळण त्याच्या खिडकीतून कुठल्या वेगाने गेलं असेल याचा मी मनात हिशोब केला आणि अत्यंत प्रेमाने त्याला सातपूरची वाट सांगितली. इतक्या प्रेमाने मी माझ्या जावयालाही पत्ता सांगणार नाही.

वेगाची खरी शर्यत रस्त्यावर नसतेच, ती लग्नाच्या हॉलमध्ये असते. पूर्वी पाहुण्याला विचारायचे, प्रवास बरा झाला ना? आता विचारतात, किती वेळात आलात? ठाण्याचे एक गृहस्थ “दोन तास” म्हणाले की दुसरे लगेच “पावणेदोन” म्हणतात. त्यात चहा धरत नाहीत, टोलची रांग धरत नाहीत, मेहुण्याला कसाऱ्यात उलटी झाली तोही वेळ धरत नाहीत. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा खुला झाला, सगळे ७०१ किलोमीटर जोडले गेले, आणि तेव्हापासून हा लिलाव पार हाताबाहेर गेलाय. मागच्या महिन्यात एकाने आकडा सांगितला, त्या हिशोबाने तो निघण्याआधीच पोचला होता.

तर भाऊबीजेला आम्हीही समृद्धीवरून गेलो. बहीण छत्रपती संभाजीनगरला असते. सिन्नरजवळ वर चढलो. पहिली दहा मिनिटं मी ८० नेच चालवली, खरंच. पण तिथे ८० ला काही अर्थच लागत नाही. टपरी नाही, फाटा नाही, दूधवाला नाही. दुचाकीला आणि रिक्षाला बंदी, त्यामुळे ज्यांच्यावर आपण आयुष्यभर चिडलो ते कुणीच नाही. माणूस चुकचुकतो. नुसता काँक्रीटचा पट्टा, कडेला फुटलेल्या टायरच्या चिंध्या आणि वर आभाळ. काटा शंभर झाला, एकशे दहा झाला, कळलं नाही. बायको म्हणाली, “तुमची शपथ?”

“शपथ हायवेची होती,” मी म्हटलं. “हा महामार्ग आहे.”

मराठीच्या शिक्षिकेला हे ऐकवायला नको होतं. पण ती काही बोलली नाही, डोळे मिटून घेतले. मी एकशे एकोणीसवर स्थिरावलो, कारण एकशे वीसच्या पुढे कंडक्टर वेडा होतो. दर मिनिटाला टिंग टिंग, जाऊ द्या. टिंग टिंग, जाऊ द्या. अर्ध्या तासाने तर असं वाटायला लागलं की गाडी एका जागी उभी आहे आणि महाराष्ट्रच मागे सरकतोय.

परतीला सिन्नरला खाली उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं. बराच वेळ जोरात चालवलं की डोळे त्या वेगाला सरावतात आणि मग कमी वेग आहे त्याहून कमी वाटतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं त्या वेळी आठवलं नाही. नाशिकच्या रस्त्याला लागल्यावर मला वाटत होतं की साठ-पासष्टने चाललोय, अगदी बैलगाडीसारखा. पुढे एक छोटी राखाडी गाडी कुंथत होती. मी डिप्पर दिला. हलेना. हॉर्न दिला. हलेना. मग डावीकडून काढली, आणि बरोबरीला आल्यावर मान आपोआप वळली. आत कानटोपी घातलेले एक गृहस्थ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, चेहऱ्यावर साक्षात पंचांग. माझ्या तोंडून निघून गेलं, “काका आहे.”

बायको झोपेत होती. म्हणजे मला तसं वाटलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. उलट भाऊबीजेनंतर माझी प्रवचनं वाढली. गोंद्याला जाता येता मी क्वालिटीला वर्ग, घन, प्रतिक्रियेचा काळ, टायरची हवा, सगळं समजावत होतो. पोरगाही अलीकडे फार मन लावून ऐकायला लागला होता. मध्येच विचारायचा, “काका, कमाल मर्यादा कितीची असते म्हणालात सिन्नर रोडला?” मला वाटलं, सुधारतोय. घरी बायकोही विचारायची, “आज किती ने गेलात?” मी म्हणायचो, “ऐंशी. नेहमीसारखा.” ती “बरं” म्हणून वह्या तपासायला घ्यायची. स्टोअर्सवाल्यांची मंडळी आणि आमची ही, दोघी एकाच भिशीत आहेत. तेव्हा त्यात काही धागा आहे असं मला वाटण्याचं कारण नव्हतं.

परवा सोमवारी उशीर झाला होता. पांडवलेणी मागे टाकली, रस्ता मोकळा दिसला, आणि बोलता बोलता पाय जरा जड झाला.

टिंग टिंग.

मागून क्वालिटी लगेच म्हणाला, “काका, ऐंशी!”

स्टोअर्सवाल्यांनी खिडकीबाहेर बघतच हात वर केला. “राहू दे भो, त्यांनी तिकीट काढलंय. एकशेचारचं. दोन हजाराला पडलं. वहिनींच्या मोबाईलवर फोटोसकट आलंय, आमच्या हिने भिशीत पाहिलं.”

पुढे गोंद्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. कंडक्टरसुद्धा नाही.