'सेल्फ कंटेन्ड' म्हणजे संडास घरात

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फुटांत. लगेच फेसबुकवर उसासे सुरू: गेली ती चाळ, गेला तो शेजार! उसासे टाकणारे बहुतेक पुरुष, तेही चाळ सोडून तीस वर्षं झालेले. मीही त्यांच्यातलाच, म्हणून बोलतोय.

आमच्या लहानपणी मुंबईत घरांच्या छोट्या जाहिरातींत 'सेल्फ कंटेन्ड' हा शब्द हमखास असायचा. अर्थ एकच, संडास घरात. कुणी ब्लॉकमध्ये राहायला गेलं असं कळलं की आई आधी विचारायची, "सेल्फ कंटेन्ड आहे ना?" भाडं किती, खोल्या किती, ते मागाहून.

आमच्या मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. त्यातल्या दोघांच्याच कड्या धड. आई पहाटे चारला उठते ती पाणी भरायला, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. नळाला पाणी साडेपाचला यायचं! रात्री जेवणानंतर ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. हे मला कळलं माझ्या लग्नानंतर, तेही बहिणीकडून. तेव्हा चाळीच्या आठवणी काढताना रांगेतले विनोद जरा जपून सांगा.

पण टॉवरमधलं घर तरी कुठे सेल्फ कंटेन्ड असतं? १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचं ग्रीड कोसळलं तर मुंबईनं आपोआप वेगळं होऊन स्वतःच्या विजेवर चालायचं, अशी 'आयलंडिंग'ची व्यवस्था आहे. नेमकी त्या दिवशी तीच चालली नाही. म्हणजे अख्खं शहरच स्वतःला सेल्फ कंटेन्ड समजत होतं.

आमच्याकडे वीज यायला संध्याकाळ झाली. पंप बंद, गच्चीवरची टाकी दुपारी रिकामी. दोन-दोन बाथरूम, आणि फ्लश दाबला की नुसता खडखडाट. चाळीतल्या मोरीत निदान भरलेलं पिंप तरी असायचं.

तसं ते आमच्याकडे होतंही. आईनं चाळीतून आणलेलं, बाथरूमच्या कोपऱ्यात. ते टाकून दे म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागलो होतो. त्या दुपारी समोरच्या फ्लॅटमधून बादली आली. आईनं ती अर्धीच भरली आणि बजावलं, "संडासापुरतंच हं, भांडी घासू नका."