साठीनंतर सापडलेली ‘उलटी नस’ आणि बायपासची घाई

‘हृदयाची नस जन्मापासून उलट्या जागेवरून निघालेली सापडली, तर आठ दिवसांत बायपास करा, नाहीतर झोपेत मृत्यू. ईसीजी आणि टूडी इकोत हे कळतंच. रक्त पातळ करायची गोळी घ्या.’ हा मेसेज वाचून नात्यातल्या सत्तरीच्या मावशींनी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही.

बायपासचा सल्ला सर्वांत घातक. अशा रक्तवाहिनीत चरबीचा अडथळा नसेल, तर विश्रांतीत रक्त नीट वाहतं. शेजारी जोडलेल्या ग्राफ्टमधून, म्हणजे बायपाससाठी लावलेल्या पर्यायी नळीतून, मग पुरेसं रक्त जातच नाही आणि तो आक्रसून बंद पडतो. छाती उघडली, पदरात काही नाही! गरज असते तेव्हा महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, भिंतीत दबलेला भाग उघडतात, म्हणजे अनरूफिंग, किंवा वाहिनी योग्य जागी जोडतात. बायपास शोभतो तो त्याच वाहिनीत मोठा ब्लॉकेजही असेल तर.

शिवाय ‘उलटी’ वाहिनी एकाच प्रकारची नसते. सर्कमफ्लेक्स, म्हणजे एरवी डाव्या वाहिनीला फुटणारी शाखा, उजवीकडून निघून महारोहिणीच्या मागून गेली असेल, तर सहसा काहीच करावं लागत नाही. फक्त पुढे व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला आधी सांगा, ती टाक्यात सापडू शकते. काळजीची ती महारोहिणी आणि फुप्फुस धमनीच्या मधून जाणारी, त्यातही उजवीकडून निघालेली डावी मुख्य वाहिनी. अमेरिकन हृदयरोग संघटनांची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं ऑपरेशनची ठाम शिफारस करतात ती त्या वाहिनीमुळेच त्रास किंवा रक्त कमी पडल्याचा पुरावा असेल तेव्हा. डावीकडून निघालेली उजवी वाहिनी, त्रास नाही, स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) निर्दोष, तर नुसतं लक्ष ठेवणंही त्यांना मान्य आहे.

अचानक मृत्यू होतात, हे खरं. पण ते मुख्यतः तरुणांत, जोरकस व्यायामाच्या वेळी. सत्तरीत छाती दुखली तर आधी साचलेल्या चरबीचा संशय घ्यायचा.

ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, इकोत मोठ्या माणसाच्या वाहिनीचा उगम अनेकदा दिसत नाही. लागते सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांचा सीटी स्कॅन: आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी), मग गरजेप्रमाणे नाडी मंद करणारं बीटा-ब्लॉकर देऊन ठोके मिनिटाला साठच्या आसपास. रिपोर्टात उगम, तोंड गोल की फटीसारखं, निघण्याचा कोन आणि भिंतीतली लांबी लिहिलेली हवी. नसेल तर विचारा.

गोळीचं म्हणाल, तर ती गुठळीवर काम करते, वाहिनीच्या वाटेवर नाही. मात्र स्टेंटसाठी सुरू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि चालताना, चढताना भोवळ येऊन शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.