खिळा ठोकता येतो, मावशी!

बडोद्याच्या मराठी घरांतून सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘जुन्या इमारतीपासून ३०० मीटरपर्यंत स्वतःच्या घरात खिळासुद्धा ठोकता येत नाही. अर्ज केला तर उत्तर कधीच येत नाही. घर हेरिटेज यादीत गेलं की सरकारजमा. किंमत शून्य. वेळीच विकून मोकळे व्हा.’ खाली हात जोडलेले, आणि ‘प्रत्येक बडोदेकरापर्यंत पोचवा’.

माझ्यापर्यंत तो मावशीकडून पोचला. तिने तो आवाज खाली करून वाचून दाखवला, जणू कॉर्पोरेशनचा माणूस दाराआड उभा आहे. तिचं घर तांबेकर वाड्यापासून दोन गल्ल्या सोडून. माजघरावरची तुळई वाळवीने पोखरली आहे. बोट लावलं की पिठासारखा भुसा गळतो, म्हणून खाली लोखंडी टेकू आणि तुळईला दोरीने बांधलेलं तेलाच्या डब्याचं झाकण. पोळ्या लाटायच्या त्या झाकणाखालून परात सरकवून.

तर आधी हे ‘जुनी इमारत’ प्रकरण. मीटरचा नियम येतो १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातून, आणि तो लागू होतो राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांना. बडोद्यात तांबेकर वाडा तसा आहे, कुतुबुद्दीन महंमद खानाचा हजिरा, म्हणजे मकबराही. लक्ष्मी विलास राजवाडा तसा नाही, तो गायकवाडांच्या खाजगी मालकीचा. नुसती शंभर वर्षं उलटली म्हणून कुठल्याही इमारतीभोवती वर्तुळ पडत नाही. तसं पडत असतं तर इथलाच जुना नजरबाग राजवाडा पाडला गेलाच नसता.

आणि वर्तुळ एक नाही, दोन आहेत. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर म्हणजे निषिद्ध क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर म्हणजे नियंत्रित क्षेत्र. मेसेजवाल्याने दोन्हींची बेरीज केली आणि सगळ्याला ‘बंदी’ म्हणून टाकलं. नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन नवं घरसुद्धा बांधता येतं.

आता खिळा. २०१० च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला हे खरं. पण त्याच दुरुस्तीत लिहिलंय की निषिद्ध क्षेत्रातली जी घरं १६ जून १९९२ च्या आधीपासून उभी आहेत, त्यांचे मालक दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करू शकतात. मावशीचं घर तर तिच्या सासऱ्यांच्याही जन्माआधीचं. तुळई बदलणं, छप्पर शाकारणं, भिंतीचा पोपडा काढून गिलावा करणं, हे सगळं मागता येतं. मजला चढवणं किंवा ओटा रस्त्यात पुढे ओढणं नाही. पाणी, वीज, गटार या सार्वजनिक कामांना तर कायद्याने ‘बांधकाम’ या व्याख्येतूनच वगळलं आहे.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये असायला हवी होती आणि नाही. निषिद्ध क्षेत्रात अर्जाची सोय दुरुस्तीला आहे, पुनर्बांधकामाला नाही. पुनर्बांधकामाची सोय फक्त पुढच्या २०० मीटरांत. म्हणजे ‘काहीच करता येत नाही’ असं मानून मावशी बसून राहिली आणि एका पावसाळ्यात घर खाली आलं, तर त्या जागी पुन्हा घर उभं करता येणार नाही. घाबरून हात न लावणाऱ्याच्याच बाबतीत हा मेसेज शेवटी खरा ठरतो. आणि चोरून काम केलं, वर मजलाही घेतला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उत्तर येत नाही, या तक्रारीत तथ्य आहे. कागदावर मुदती आहेत: सक्षम प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, त्यांनी दोन महिन्यांत मत द्यायचं, मग महिन्याभरात होकार किंवा नकार. नकार द्यायचा तर आधी अर्जदाराचं म्हणणं ऐकायचं आणि लेखी द्यायचा. प्रत्यक्षात कचेरीतली फाइल कशी चालते ते आपण सगळे जाणतो. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे: ताजमहाल असो की पोळीतला, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीतला, चार मजली वाडा, अंतर तेच १००. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहे, लढाया आहेत. ती चित्रं जपायलाच हवीत. पण दाट वस्तीत १०० मीटरांत किती चुली येतात ते कुणी मोजलं होतं का? प्रत्येक स्मारकासाठी वेगळी उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम, करायची तरतूद याच कायद्यात आहे, मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवून. भांडायचं तर तिथे भांडावं.

‘सरकारजमा’ला एक ओळ पुरे: मालकी बदलत नाही, विकायला, वारसाने द्यायला, भाड्याने द्यायला हा कायदा आडवा येत नाही. जुनी वास्तू म्हणजे वापर बंद असंही नाही. आपलं कॉर्पोरेशनच सयाजीरावांच्या काळातल्या खंडेराव मार्केटच्या इमारतीत बसतं.

राहिली किंमत. मेसेजनंतर आठवड्याभरात एक दलाल मावशीकडे येऊन गेला. चहा प्यायला, भुशाचं झाकण बघून च्‌च्‌ केलं, आणि आकडा सांगितला. मी विचारलं, “इथे खिळाही ठोकता येत नाही ना, मग तुमचा माणूस घेऊन करणार काय?” तो म्हणाला, “ते आमचं आम्ही बघू.”

परवा आम्ही पलंगाखालची ट्रंक काढली. १९९२ च्या आधी घर होतं याचा कागद हवा होता. लग्नपत्रिका, रेशनकार्ड, काकांची सायकल विकल्याची चिठ्ठी, आणि कुकरच्या गॅरंटी कार्डात घडी घातलेली १९८७ ची वेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची पावती. गुजरातीत, शाई उडालेली, पण घर नंबर वाचता येतोय. मावशीने ती तिथल्या तिथे डब्याच्या झाकणावर ठेवली. मी म्हटलं, “अगं, तिथे नको!”