सुट्टीची तारीख वेळेवर सांगायला काय जातं?

दर वर्षी हेच! यंदा ह्यांची बदली झाली, नाशिकचं बिऱ्हाड हलवून पुण्यात आलो. थोरला राज्य मंडळाच्या शाळेत, धाकटीला घराजवळ सीबीएसईत पहिलीला प्रवेश मिळाला. तिचं वर्ष एप्रिलात सुरू, त्याचं जूनच्या मध्याला. दोघांची सुट्टी जुळते ती मे महिन्यात, आणि नेमक्या तेव्हाच कोकणच्या गाड्या भरलेल्या! आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता वेटिंग लागतं. शाळेत विचारावं तर, "पत्रक आलं की कळवू." अहो, पण तोवर तिकिटं राहतात का?

२०२५ मध्ये तर पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर २५ एप्रिलपर्यंत नेल्या, तेही ऐन मार्चमध्ये सांगून. ज्यांनी तिकिटं काढली होती त्यांनी काय करायचं?

कुडाळहून सासूबाई रोज विचारतात, "पोरां कधी येतली?" धाकटी आता जोडाक्षरं वाचते, तिला आजीला मांडीवर बसून गोष्ट वाचून दाखवायचीय. फोनवर नाही! वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्टीच्या तारखा छापून द्या आणि मग त्या बदलू नका. एवढंच मागतोय आम्ही.