भाषाविज्ञान शिकून करायचे काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भाषाविज्ञानाची पदवी प्राध्यापकाची जागा मिळाली तरच उपयोगी, आणि त्या जागा निघत नाहीत. तेव्हा नाशिकच्या मध्यमवर्गीय मुलांना मी या वाटेला लावू नये, असे आपण लिहिले आहे. जागांबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारी माणसे आपण सारेच पाहतो, आणि केवळ प्राध्यापकीवर डोळा ठेवून कोणी येथे प्रवेश घेऊ नये, असे मीही सांगेन. मात्र हा विषय म्हणजे मराठीच्या एम. ए.चाच एक प्रकार, हे आपले गृहीतक मला पटत नाही.

या अभ्यासक्रमात ध्वनी, शब्दघटना, वाक्यरचना आणि अर्थ यांमागचे नियम पुराव्यानिशी शोधायला शिकवतात. ‘जग सुंदर आहे’ आणि ‘सुखाने जग’ ही वाक्ये संगणकाकडून वाचून घ्यायची झाली, तर पहिल्यातला ‘ज’ तालव्य (‘जीवन’मधल्यासारखा) आणि दुसऱ्यातला दंततालव्य (‘जवळ’मधल्यासारखा), हे लिपीवरून यंत्राला कळत नाही. एके ठिकाणी नाम आहे आणि दुसरीकडे क्रियापद, हे ओळखण्याची सोय कोणाला तरी करून द्यावी लागते. भारतीय भाषांतील यंत्रानुवादासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या उपक्रमांना आणि खासगी कंपन्यांनाही अशी जाण असलेली माणसे लागतात. अर्थात, त्यासाठी थोडे प्रोग्रॅमिंग यायला हवे. नुसत्या पदवीवर तेथे निभाव लागणे कठीण आहे.

नाशिकच्या मुलांविषयी तर मला आपल्या अगदी उलट वाटते. बागलाण, कळवण, मालेगावकडे अहिराणी आणि सुरगाणा, पेठकडे कोकणा, डांगी बोलणाऱ्या घरांतली मुले शहरात आल्यावर आपली बोली लपवतात, याचे मला फार वाईट वाटते. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे गावोगावी सर्वेक्षण केले आहे. अशा कामात आजीशी अहिराणीत बोलणारी मुलगी जे सहज टिपेल, ते बाहेरून आलेल्या अभ्यासकाला विचारूनही चटकन सापडणार नाही.

वाचा-उपचाराचा (स्पीच थेरपीचा) उल्लेख आपण केला आहे, तेथे मात्र सावध राहावे. भाषाविज्ञानाच्या एम. ए.वर तो व्यवसाय करता येत नाही. त्यासाठी श्रवण व वाचा-भाषा विकृतिशास्त्राची स्वतंत्र पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. त्या पदवीसाठी बारावी विज्ञान शाखेतून झालेली असावी लागते, म्हणून आपल्या पुतणीचा कल तिकडे असेल, तर हा विचार तिने अकरावीच्या प्रवेशाआधीच केलेला बरा.